अवनत : सातपुड्यातील एका सरकारी शब्दाचा इतिहास

वनखात्याच्या मराठी कागदपत्रांत ‘अवनत वन’ हा शब्दप्रयोग वारंवार भेटतो. ‘अवनत वनांचे पुनर्वनीकरण’ अशा शीर्षाखाली निधी येतो, खर्च होतो, अहवाल लिहिले जातात. कधी त्याच अर्थी ‘निकृष्ट वनक्षेत्र’ असेही म्हटलेले असते. मराठीच्या अध्यापकांना हा शब्द वेगळ्या वाटेने ठाऊक असतो. काव्यात मस्तक अवनत होते, फळांच्या भाराने फांदी अवनत होते. ‘नम्’ धातूपासून आलेले हे विशेषण वाकलेपण सांगते. कोणी वाकवले, कशाच्या भाराने वाकले, हे सांगण्याची जबाबदारी ते घेत नाही. वाक्यात कर्ता नसला तरी व्याकरण अडत नाही, ही सोय प्रशासनाला नेहमीच मानवते. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या वनांसंबंधी हा हरवलेला कर्ता शोधण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत. त्याला तातडीचे कारणही आहे. हवामानबदलाच्या चर्चेमुळे अवनत वनांना आज जगभर भाव आला आहे. जे वन ‘पुन्हा उभे’ करायचे ते कोणत्या काळातले, कोणाच्या हातांनी आणि कोणासाठी, हे न ठरवताच कामे सुरू होऊ लागली आहेत.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा क्षेत्रफळाने सुमारे सहा हजार चौरस किलोमीटर भरतो. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि दर दहा माणसांतील जवळजवळ सात अनुसूचित जमातींची होती : भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी. दक्षिणेला तापीकाठची काळी सपाटी, उत्तरेला नर्मदा आणि या दोन नद्यांच्या मध्ये अक्राणी-अक्कलकुव्याचा डोंगराळ मुलूख. तोरणमाळचे पठार आणि दिवाळीत अश्वत्थाम्याच्या यात्रेसाठी चढला जाणारा अस्तंभा याच मुलखात येतात. साग, धावडा, सालई, अंजन, खैर, टेंभुर्णी, पळस, चारोळी, मोह ही येथली मुख्य झाडे. पानगळीचे, कोरडे, मूळचेच काहीसे मोकळे असे हे वन आहे. हा ‘मोकळे’ शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

या डोंगरांवर वनखात्याचे राज्य फार जुने नाही. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हा सातपुड्याच्या घाटांवर भिल्ल नाईकांची सत्ता चालत होती. ती मोडण्यासाठी सात वर्षे लष्करी मोहिमा झाल्या आणि त्या फसल्या. १८२५ मध्ये एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना धोरण बदलले. जेम्स औट्रमच्या हाताखाली भिल्लांची पलटण उभी राहिली, आणि तिच्याबरोबरच भिल्ल एजन्सी नेमून लोकांना डोंगरातून उतरवून शेतीला लावण्याचा उद्योग सुरू झाला. तगाई दिली गेली, बैल दिले गेले, पडीक जमीन मोडून पेरा असे सांगितले गेले. झाडी तोडून नांगर धरणारा भिल्ल हा त्या काळच्या सरकारी पत्रव्यवहारात सुधारलेला भिल्ल होता. पन्नास-साठ वर्षांनी तीच कृती गुन्हा ठरली. खानदेशातील वनांच्या इतिहासात या उलटापालटीइतके बोलके दुसरे काही आम्हांला आढळलेले नाही.

सपाटीच्या आणि डोंगराच्या मधला एक टप्पाही होता. १८७४ च्या ‘शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स’ कायद्याच्या परिशिष्टात पश्चिम खानदेशातील मेवासी प्रमुखांच्या गावांचा उल्लेख आहे : काठी, नाल, सिंगपूर आणि नवलपूर येथील पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावे. महाविद्यालयाच्या हजेरीपटावर आज जी आडनावे आम्ही रोज वाचतो तीच दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याच्या परिशिष्टात सत्ताधारी म्हणून उभी आहेत. या गावांना नेहमीचे कायदे सरसकट लागू नव्हते. म्हणजे राज्यकर्त्यांनीच येथे वेगळी व्यवस्था आहे हे मान्य केले होते. पण ती व्यवस्था कशी चालते, कोणते झाड तोडायचे नाही, कोणत्या ओढ्यावर कोणाचा हक्क, हे लिहून घेण्याची गरज कोणाला वाटली नाही. जे लिहिले गेले नाही त्याचा पुढे न्यायालयात पुरावा होऊ शकला नाही.

१८७८ च्या वन कायद्याने वनांचे ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ असे वर्ग पाडले. राखीव वनात स्पष्टपणे परवानगी दिलेली नाही ती प्रत्येक गोष्ट निषिद्ध, हे त्याचे तत्त्व. या वर्गीकरणाने भाषेत एक बारीक पण दूरगामी बदल घडवला. पूर्वी जे हक्क होते ते ‘सवलती’ झाले. हक्क मागता येतो, सवलत मिळते आणि काढूनही घेतली जाते. मुंबई इलाख्यात या कायद्याविरुद्ध लगेच ओरड झाली. जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगर, दऱ्या आणि गायराने गिळून बसलेल्या जंगलखात्यावर प्रहार केला आहे. आपल्याकडे त्या ग्रंथाचे वाचन बहुतेक वेळा जातिव्यवस्थेच्या आणि शेतसाऱ्याच्या अंगाने होते. जंगलखात्यासंबंधीचा त्यातील भाग मात्र अभ्यासक्रमात सहसा रेंगाळत नाही. वसाहतकालीन वननीतीवरचे ते मराठीतील एक आद्य भाष्य आहे, असे आमचे मत आहे.

त्या काळी वनाकडे पाहणारी नजर सागाच्या खोडावर खिळलेली होती. शेजारच्या डांगची वने इंग्रजांनी १८४२ मध्येच भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतली होती, कारण जहाजबांधणीला साग हवा होता. पुढे रेल्वे आली. सुरतेहून नंदुरबारमार्गे अमळनेरला जाणारी तापी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास पूर्ण झाली आणि डोंगरातले लाकूड बाजारपेठेच्या हाताशी आले. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. सातपुड्याची ही बाजू पश्चिम खानदेशात, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यात गेली. वनांची आखणी ‘कुपां’त होऊ लागली. दरवर्षी एक कूप तोडायचा, मग तो राखून पुढचा घ्यायचा. मराठीत कूप म्हणजे विहीर, हा कूप मात्र फ्रेंचमधून इंग्रजी वनशास्त्रात आलेला, ‘तोड’ असा अर्थ असलेला शब्द आहे. डोंगरातल्या माणसाने तो इतका आपलासा केला की आज त्याचे परकेपण कोणाला जाणवत नाही. कागदावर ही पद्धत शास्त्रशुद्ध होती. तोडलेल्या सागाच्या बुंध्यातून धुमारे फुटतात, ते जपले तर ठरलेल्या वर्षांनी वन परत येते. ते जपण्याचे काम मात्र ज्याने करायचे त्या माणसाचा वनाशी संबंध आता फक्त मजुरीचा उरला होता.

स्वातंत्र्यानंतर ठेकेदारांच्या जागी जंगल कामगार सहकारी संस्था आल्या. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात हा प्रयोग सुरू झाला आणि पश्चिम खानदेशातही तो रुजला. त्यातून मजुरी सुधारली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण संस्था तोडणाऱ्यांची होती, राखणाऱ्यांची नव्हती. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने तर वनाजवळ राहणाऱ्यांच्या गरजा राष्ट्रहिताच्या आड येता कामा नयेत असे बजावले. ‘राष्ट्रहित’ म्हणजे त्या काळी बव्हंशी उद्योगांचा कच्चा माल.

येथे सपाटीकडे वळावे लागते, कारण डोंगर उघडा का पडला याचे अर्धे उत्तर शहादा-तळोद्याच्या काळ्या रानात आहे. सावकारी, गहाणखते आणि फसवणुकीचे व्यवहार यांतून तेथल्या भिल्लांच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या हातातून गेल्या आणि मूळ मालक त्याच शेतांवर सालदार झाले. १९७१ च्या मे महिन्यातील पाटीलवाडीच्या गोळीबारानंतर या प्रश्नाकडे महाराष्ट्राचे लक्ष गेले. अंबरसिंग सुरतवंती आणि बाहेरून आलेले तरुण कार्यकर्ते एकत्र आले. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. साहित्याच्या वाचकांना या चळवळीची ओळख वाहरू सोनवणे यांच्या कवितेतून असते. इतिहासाच्या दृष्टीने तिचे एक फलित असे की आदिवासींच्या जमिनी परत करण्याबाबतचा महाराष्ट्राचा १९७४ चा कायदा ज्या वातावरणात आला, ते घडवण्यात तिचा वाटा होता. त्या कायद्याच्या इंग्रजी नावात ‘रिस्टोरेशन’ हा शब्द आहे. परिसंस्थांचे पुनरुज्जीवन या अर्थाने आज जो शब्द जागतिक परिषदांतून घुमतो, तो या जिल्ह्यात प्रथम आला तो जमीन तिच्या कसणाऱ्याला परत करणे या अर्थाने. दोन अर्थांमधले हे अंतर आम्हांला केवळ योगायोगाचे वाटत नाही. सपाटीवरची जमीन गेलेल्या कुटुंबांपुढे डोंगरउतार मोडण्यावाचून मार्ग उरला नव्हता. वनखात्याच्या नोंदीत ते ‘अतिक्रमण’ झाले, नर्मदेच्या खोऱ्यात त्याच शेतीला ‘नेवाड’ म्हणतात. सपाटीवरची ‘पुनःस्थापना’ अर्धवट राहिली, त्याची किंमत डोंगरावरच्या झाडांनी मोजली.

आणि मग धरण आले. सरदार सरोवराने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली, ती सर्व अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील. मणिबेली, चिमलखेडी, निमगव्हाण, डोमखेडी ही नावे चळवळीच्या इतिहासात राहिली आहेत. त्यांच्याबरोबर बुडालेल्या वनाची नावे कोणी ठेवली नाहीत. नदीकाठचे ते वन या डोंगरातील सर्वांत ओलसर, सर्वांत दाट होते. विस्थापितांना जमीन द्यायची म्हणून १९९० च्या दशकात तळोद्याचे सुमारे ४,२०० हेक्टर राखीव वन मोकळे केले गेले. सोमावल, रोझवा या वसाहती अशा जमिनीवर उभ्या राहिल्या. बुडालेल्या वनातल्या माणसांसाठी दुसरे वन तोडले गेले, आणि त्या दुसऱ्या वनातही आधीपासून कसणारी आदिवासी कुटुंबे होतीच. कायद्याप्रमाणे बुडालेल्या वनाच्या बदल्यात ‘पर्यायी वनीकरण’ करावे लागते. गुजरातच्या वाट्याच्या वनीकरणासाठी कच्छच्या जमिनी निवडल्या गेल्या. नर्मदेच्या उताराची भरपाई कच्छच्या रणाकडेला होऊ शकते, असे मानणाऱ्या हिशेबात झाड हे केवळ एक एकक असते.

अशी हिशेबी नजर एकट्या भारताची नाही, आणि तिचे सर्वांत दाहक उदाहरण आपल्याकडच्या कोरड्या वनांच्या अगदी विरुद्ध टोकाच्या भूमीत सापडते. ‘पीट’ हा शब्द मराठी वाचकाला शालेय भूगोलातून ठाऊक आहे : दगडी कोळशाच्या प्रतवारीतील सर्वांत खालची पायरी. प्रत्यक्षात पीट म्हणजे पाणथळीत न कुजता हजारो वर्षे साचत गेलेला वनस्पतींचा थर. पृथ्वीच्या भूभागापैकी जेमतेम तीन टक्के जागा अशा भूमीने व्यापली आहे, पण जगातील सगळ्या वनांच्या लाकडापानांत मिळून जेवढा कार्बन आहे त्याच्या सुमारे दुप्पट तिच्यात साठलेला आहे. सुहार्तो यांच्या राजवटीत इंडोनेशियाने १९९६ साली मध्य कालिमंतानमधील सुमारे दहा लाख हेक्टर पाणथळ वन भाताच्या शेतीसाठी घेतले आणि त्यात हजारो किलोमीटरचे कालवे खणून पाणी काढून टाकले. भात जवळजवळ पिकलाच नाही. सुकलेली जमीन मात्र १९९७ मध्ये पेटली आणि तिचा धूर शेजारच्या देशांवर पसरला. तेथील दायाक लोकांची रबराची आणि वेताची झाडे त्यात गेली. २०१५ मध्ये पुन्हा मोठ्या आगी लागल्यावर, २०१६ च्या आरंभी, इंडोनेशियाने पीटभूमीच्या पुनरुज्जीवनासाठी स्वतंत्र संस्था नेमली. तिने कामाचे तीन भाग ठरवले : भूमी पुन्हा ओली करणे, तिच्यावर पुन्हा वनस्पती आणणे आणि तेथल्या गावांच्या उपजीविकेला उभारी देणे. कालवे बुजवणारे हात गावचे नसतील तर ते उन्हाळ्यात पुन्हा उघडले जातात, हा धडा तिसऱ्या कलमामागे आहे.

कालिमंतानची दलदल आणि सातपुड्याचा खडकाळ उतार यांना जोडणारा धागा आपल्याच परंपरेत आहे. आयुर्वेदाने देशांचे म्हणजे भूप्रदेशांचे ‘जांगल’, ‘आनूप’ आणि ‘साधारण’ असे प्रकार केले. आनूप म्हणजे पाणथळ. जांगल म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा, वाऱ्याचा, मोकळ्या आकाशाचा प्रदेश, जेथे हरणे चरतात आणि माणूस निरोगी राहतो. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकाने १९८२ च्या आपल्या ग्रंथात या शब्दाचा प्रवास उलगडला आहे. आपण ज्याला आज ‘जंगल’ म्हणतो, म्हणजे दाट, गर्द, वाट न सापडणारे, त्याच्या नेमका उलटा अर्थ मूळ शब्दाला होता. शब्दाचा अर्थ बदलला, तसा डोळ्यांचा निवाडाही बदलला. आनूप भूमी वाया गेलेली म्हणून सुकवली गेली. जांगल भूमी वाया गेलेली म्हणून तिच्यात रोपे कोंबली जातात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या वर्गीकरणात वृक्षछत्र ४० टक्क्यांच्या खाली गेले की वन ‘विरळ’ होते आणि १० टक्क्यांच्या खाली गेले की केवळ ‘झुडपी’ उरते. मोजमाप म्हणून ते ठीक आहे. पण प्रत्येक विरळ वन हे कोणा एका दाट वनाचे बिघडलेले रूप आहे, असे त्यावरून समजले जाऊ लागते, आणि मराठी पठारांपुरते तरी हे गृहीत आता डळमळीत झाले आहे. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी मध्ययुगीन मराठी ओव्या आणि आख्याने यांतील झाडाझुडपांचे उल्लेख तपासून पश्चिम महाराष्ट्राची माळराने किमान साडेसातशे वर्षे मोकळीच आहेत, असे अलीकडे दाखवले. जुनी मराठी परिसरविज्ञानाच्या पुराव्याला उभी राहते, याचा मराठीच्या अध्यापकांना आनंद वाटला तर तो क्षम्य ठरावा.

सातपुड्यापुरता याचा पुरावा एका पक्ष्याने दिला आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड १८७२-७३ च्या सुमारास विज्ञानाला ठाऊक झाले. त्याचे वर्णन ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी केले, तेच पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम. १८८० च्या दशकात मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा परिसरातून त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर खात्रीचा एकही नमुना नाही. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेतील मांडवीला आपण तो मिळवल्याचा दावा केला होता. तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरून नव्याने शिवलेला निघाला. हा खोटा पत्ता बाजूला सारून पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी डेव्हिडसनच्या खऱ्या ठिकाणांचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, ११३ वर्षांनी, रानपिंगळा पुन्हा दिसला. उघड्या फांदीवर, दिवसाढवळ्या. पुढे मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या वनात त्याचा अभ्यास केला. या पक्ष्याला जुन्या झाडांच्या ढोली लागतात आणि शिकारीला मोकळी, गवताळ जमीन लागते. सागाची दाट रोपवाटिका त्याच्या कामाची नाही. कागदावर ज्याला अवनत म्हटले गेले असते अशाच वनात जगातला एक अतिदुर्मीळ पक्षी शतकभर नांदत होता.

या पार्श्वभूमीवर अलीकडच्या योजना पाहाव्या. महाराष्ट्राने २०१६ पासून दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी अशी वृक्षलागवडीची चढती उद्दिष्टे जाहीर केली. लावलेल्यांपैकी जगली किती, हा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. केंद्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ग्रीन क्रेडिट’चे नियम आणले आणि अवनत वनजमिनीवर झाडे लावणाऱ्या उद्योगांना त्याबद्दल पत मिळण्याची सोय केली. फेब्रुवारी २०२४ च्या पद्धतीत हेक्टरी किमान १,१०० झाडांचे प्रमाण धरले होते. रानपिंगळ्याने हा आकडा वाचला असता तर त्याने पुन्हा शंभर वर्षे अज्ञातवास पत्करला असता. पण पक्ष्यापेक्षाही अवघड प्रश्न माणसांचा आहे. ज्या अवनत वनाची यादी होते ते कोणाच्या तरी गुरांचे चराऊ रान असते, कोणाच्या तरी मोहाचे झाड त्यात असते आणि पुष्कळदा कोणाचा तरी वनदावा त्यावर प्रलंबित असतो.

२००६ चा वनहक्क कायदा येथे निर्णायक ठरतो. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, असे त्याच्या प्रास्ताविकातच संसदेने मान्य केले. अवनत या विशेषणाला कर्ता मिळाला तो त्या एका वाक्यात, असे आम्ही म्हणू. या कायद्याने कसणाऱ्याला त्याच्या तुकड्याचा हक्क दिलाच, शिवाय गावाला आपल्या परंपरागत वनाचे रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्कही दिला. नंदुरबारमध्ये गाजला तो पहिला भाग. २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने नामंजूर दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला आणि पंधरा दिवसांतच त्याला स्थगिती दिली, तेव्हा डोंगरातल्या घराघरांत किती धास्ती होती हे येथे राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. तुकड्याच्या हक्काची निकड स्पष्ट आहे. तथापि दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. १३ डिसेंबर २००५ ही कट-ऑफ तारीख असूनही दाव्याच्या आशेने नव्याने झाडे पडली. तोरणमाळच्या बाजूला रानपिंगळ्याची जागा ज्या कारणांनी आक्रसली, त्यांत नवी शेती हे एक होते. चळवळीशी आपुलकी बाळगणाऱ्या लेखनात ही गोष्ट बहुधा गाळली जाते, आणि वनखात्याच्या लेखनात तीच तेवढी सांगितली जाते. सव्वाशे वर्षे ज्याला सवलतीच मिळाल्या, तो हक्क मिळण्याच्या शक्यतेकडे घाईने धावला. सामूहिक हक्क आधी पदरात पडला असता तर हे कदाचित वेगळे घडले असते.

असे मानण्याला शेजारीच आधार आहे. साक्री तालुक्यातील बारीपाडा जिल्ह्याच्या सीमेबाहेर, धुळ्यात आहे, पण मुलूख तोच जुना पश्चिम खानदेशचा. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथले डोंगर बोडके होते. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी केली, दंड ठरवले, चर खणले आणि सुमारे ११०० एकर वन राखले. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. तेथे भरणारी रानभाज्यांची स्पर्धा वर्तमानपत्रांना आवडते. आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की यातले बरेचसे वन कोणी लावलेले नाही. कोरड्या पानगळीच्या वनाचे मूळ सहजासहजी मरत नाही. साग, धावडा, पळस वर्षानुवर्षे तोडले, चरले, जाळले गेले तरी जमिनीखाली जिवंत असतात आणि दर पावसाळ्यात धुमारे काढतात. चराई आणि कुऱ्हाड काही वर्षे थांबली, एका बुंध्यावरच्या अनेक धुमाऱ्यांपैकी जोमदार तेवढा ठेवला, उतारावर पाणी जिरले, की चार-पाच पावसाळ्यांत माणसाच्या उंचीचे वन उभे राहते. खड्डा, रोप, पिंजरा आणि फलक यांपेक्षा हे स्वस्त आहे. मोह आणि चारोळीचे मात्र तसे नाही. मोहाची फुले वेचायला सोपी जावीत म्हणून फाल्गुन-चैत्रात झाडाखालचा पाला जाळतात, त्यात कोवळी रोपे जातात. चारोळी आपल्या आधी दुसरा नेईल या भीतीने कच्चीच उतरवली जाते. फळ कोणाचे हे ठरलेले असेल तर ते पिकेपर्यंत थांबता येते. धडगाव-मोलगीच्या आमचुराचा जम बसला आहे, कारण बांधावरचा आंबा कोणाचा आहे हे सर्वांना ठाऊक असते.

आता उरतो तो कामाच्या वेळेचा प्रश्न, आणि कोणत्याही आराखड्यात तो आम्हांला नीट मांडलेला दिसला नाही. वनातील आगीचा काळ महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. जाळरेषा त्याआधी काढाव्या लागतात, आणि पुढचे चार महिने डोंगरावर नजर ठेवणारी माणसे गावात असावी लागतात. नेमक्या याच काळात अक्राणी-अक्कलकुव्याची गावे रिकामी असतात. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातकडे, बारडोलीच्या बाजूला जातात आणि उन्हाळ्यापर्यंत तेथेच असतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि गुरे. काठीच्या राजवाडी होळीला पुष्कळजण चार दिवस परत येतात, ढोल वाजतो, बावा-बुध्या नाचतात, आणि मग फडाकडे परतीची वाट धरली जाते. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ सालीच केला होता. जाळरेषा काढणे, धुमारे विरळणे, आगीवर पहारा ठेवणे ही कामे पौष ते वैशाख गावातच आणि वेळेवर मजुरी देऊन निघाली, तर किती कोयते बारडोलीला जायचे थांबतील, याचा हिशेब ग्रामसभा करू शकतात. काही ग्रामसभांच्या हातात आता सामूहिक वनहक्काचे पत्र आहे. दिवाळी आणि पहिली ट्रक गावात येणे यांच्यामध्ये साधारण पंधरा दिवस असतात. मुकादमाची उचल त्याआधीच वाटून झालेली असते.